वाचनाची गती आणि अर्थाची पकड

(शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ग्रामपंचायतीच्या मासिक सभेचे चित्र बहुतेकांच्या परिचयाचे आहे. विषयपत्रिकेवर दहा-बारा विषय असतात. मागील सभेचे इतिवृत्त, जमाखर्चाचे पत्रक, वरून आलेली परिपत्रके, एखादा नवा शासन निर्णय आणि ग्रामस्थांचे अर्ज असा कागदांचा गठ्ठा टेबलावर येतो. वेळ तास-दोन तासांचा असतो. कोणीतरी एक जण कागद भराभर वाचून दाखवितो, बाकीचे माना हलवितात आणि सह्या होतात. दोन महिन्यांनी कळते की, प्रस्ताव ज्या मुदतीत पाठवावयाचा होता ती मुदत त्याच कागदाच्या चौथ्या परिच्छेदात दिलेली होती. कागद वाचला गेला होता. समजला मात्र नव्हता.

त्याच गावच्या शाळेत दुसरे चित्र दिसते. एक मुलगा धडा घडाघडा वाचतो, पूर्णविरामालाही थांबत नाही. पण धड्यात काय घडले असे विचारताच गप्प होतो. शेजारची मुलगी एकेक अक्षर लावीत वाचते आणि वाक्य संपेपर्यंत त्याचा आरंभ तिच्या ध्यानातून गेलेला असतो. एकाची गती अर्थाला मागे टाकून जाते, दुसरीच्या मंदपणामुळे अर्थ हातातून निसटतो. दोघांच्याही पदरी अर्थ पडत नाही.

वाचनाचा वेग वाढवावा, पण अर्थ सुटू देऊ नये, हे कसे साधावे, असा प्रश्न या दोन चित्रांतून उभा राहतो. त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी वाचताना प्रत्यक्षात काय घडते, हे पाहिले पाहिजे.

डोळा कसा वाचतो

वाचणाऱ्याची नजर ओळीवरून पाण्यासारखी वाहत जाते, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. फ्रान्समधील नेत्रतज्ज्ञ एमिल जावाल यांच्या प्रयोगशाळेत १८७८-७९ च्या सुमारास या विषयाचा अभ्यास झाला. तेव्हापासून हे स्पष्ट होत गेले की, वाचताना डोळा टप्प्याटप्प्याने उड्या घेत जातो. प्रत्येक उडीनंतर तो क्षणभर स्थिरावतो आणि मजकूर दिसतो तो त्या स्थिर क्षणातच. पुढे सूक्ष्म मोजमापाची साधने आली. इंग्रजी वाचणाऱ्या प्रौढांच्या बाबतीत हा थांबा सरासरी पाव सेकंदाचा आणि उडी साधारणपणे सात ते नऊ अक्षरांची असते, असे आढळले. दहा उड्यांपैकी सुमारे एक उडी मागे जाणारी असते. निसटलेला शब्द किंवा न लागलेला अर्थ पुन्हा पाहण्यासाठी डोळा परत फिरतो.

डोळ्याला एक नैसर्गिक मर्यादाही आहे. स्पष्ट दिसणारा भाग फार लहान असतो. हात पुढे ताठ धरला असता अंगठ्याचे नख जेवढे दिसते, जवळजवळ तेवढाच. त्याबाहेरचे सारे अंधूक होत जाते. म्हणून संपूर्ण पान एका दृष्टिक्षेपात वाचणे ही गोष्ट डोळ्याच्या रचनेतच बसत नाही.

शीघ्रवाचनाच्या दाव्यांची परीक्षा

तरीही असे दावे झाले आणि आजही होतात. अमेरिकेत एव्हलिन वुड या शिक्षिकेने १९५९ मध्ये शीघ्रवाचनाचे वर्ग सुरू केले. पानावरून बोट फिरवीत नजर खाली नेणे, मनातल्या मनात शब्द न उच्चारणे, मागे वळून न पाहणे, अशी तिची शिकवण होती. मिनिटाला हजारो शब्द वाचता येतात, असा प्रचार झाला आणि हे वर्ग अतिशय लोकप्रिय झाले.

या दाव्यांची कसून परीक्षा मार्सेल जस्ट आणि पॅट्रिशिया कार्पेंटर या मानसशास्त्रज्ञांनी केली. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात तिचा वृत्तान्त आहे. त्यांनी तीन प्रकारच्या वाचकांची तुलना केली. शीघ्रवाचन शिकलेले वाचक मिनिटाला सुमारे ७०० शब्द वाचीत होते. असे शिक्षण न घेता केवळ वरवर नजर फिरविणारे सुमारे ६०० आणि नेहमीच्या गतीने वाचणारे सुमारे २४० शब्द वाचीत होते. सोप्या मजकुराचा गोषवारा सांगण्यात शिकलेले शीघ्रवाचक वरवर वाचणाऱ्यांपेक्षा थोडे सरस ठरले. मजकुरातील बारकावे विचारताच मात्र नेहमीच्या गतीने वाचणारे स्पष्टपणे पुढे राहिले. ज्या शब्दावर शीघ्रवाचकाची नजर स्थिरावलीच नव्हती, त्याविषयीचा प्रश्न त्याला सुटत नव्हता.

या विषयावरील संशोधनाचा विस्तृत आढावा कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. वेग आणि अचूकता यांच्यात देवघेव अटळ आहे, हा त्याचा निष्कर्ष होय. वेग दुप्पट-तिप्पट केला तर समज पूर्वीइतकी राहत नाही. मनातल्या मनात होणारा उच्चार आणि नजरेचे मागे वळणे, ही दोन्ही वाईट सवयींची लक्षणे नाहीत. आतला उच्चार वाक्य मनात धरून ठेवण्यास साहाय्य करतो आणि मागे वळणे म्हणजे चूक दुरुस्त करणे होय. एकेक शब्द पडद्यावर झरझर दाखविणारी साधने अलीकडे निघाली आहेत. त्यांत वाचकाला मागे वळण्याची सोयच नसते. अशी सोय काढून घेतली असता समज घटते, हे २०१४ मधील एका प्रयोगात दिसून आले.

इंग्रजीत मनातल्या मनात वाचणाऱ्या प्रौढाची सरासरी गती किती, याविषयी मार्क ब्रिसबर्ट यांनी अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून २०१९ मध्ये उत्तर दिले. माहितीपर मजकुरासाठी ती मिनिटाला सुमारे २३८ शब्द, तर कथा-कादंबरीसाठी सुमारे २६० शब्द भरते. पूर्वी सर्रास सांगितल्या जाणाऱ्या ३०० शब्दांच्या आकड्याहून ही गती कमीच आहे. यावरून आपली गती इतरांपेक्षा फार कमी आहे, अशी खंत बाळगणाऱ्या पुष्कळ वाचकांना दिलासा मिळावा.

मराठी पानाचे वेगळेपण

इंग्रजीतील हे आकडे मराठीला जसेच्या तसे लावता येत नाहीत. 'शाळेसमोरच्या झाडाखाली' हे मराठीत दोन शब्द झाले. एवढेच इंग्रजीत सांगावयाचे तर आठ शब्द लागतात. विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये मराठीत शब्दाला चिकटून येतात. त्यामुळे मराठी शब्द लांब असतो आणि त्याच्या शेवटच्या भागात अर्थाचा मोठा वाटा असतो. 'पंचायतीने', 'पंचायतीला' आणि 'पंचायतीकडून' यांत आरंभ एकच, पण कोणी करावयाचे आणि कोणासाठी करावयाचे, हे शेवटच्या प्रत्ययाने ठरते. शब्दाचे शेपूट गाळून पुढे धावणारा मराठी वाचक म्हणूनच हमखास फसतो.

लिपीचाही विचार केला पाहिजे. देवनागरीत वाचकाची दृष्टी अक्षरावर तर असतेच, पण काना, मात्रा, वेलांटी आणि उकार यांसाठी तिला अक्षराच्या वर-खालीही लक्ष ठेवावे लागते. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहिली जाते आणि तिचा उच्चार मात्र नंतर होतो. जोडाक्षरांत दोन-तीन व्यंजने एका आकृतीत सामावतात. सरावलेल्या डोळ्याला याचे ओझे वाटत नाही. नवशिक्याला मात्र ते पदोपदी अडविते.

लिहिणाऱ्याची सोय आणि वाचणाऱ्याची सोय यांतील फरक महाराष्ट्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मोडी ही लवकर लिहिण्याची लिपी. आधी ओळ आखावयाची आणि मग हात शक्य तितका कमी उचलून, शब्दांमध्ये अंतर न सोडता लिहीत जावयाचे. दप्तरातील कारकुनाचा त्यामुळे वेळ वाचे. वाचणाऱ्याला मात्र शब्द कोठे तुटतो, हे स्वतःच ओळखावे लागे. पोथ्यांसाठी वापरली जाणारी सुटी, ठसठशीत देवनागरी ही वाचणाऱ्याच्या सोयीची. तिला 'बाळबोध' हे नाव मिळाले, यातच सर्व आले. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेच्या निरूपणासाठी दिला आहे आणि अक्षर कसे रेखीव व सुटसुटीत असावे, याचे त्यात मार्गदर्शन आहे. वाचणाऱ्याची गती काही अंशी लिहिणाऱ्याच्या हाती असते, हे त्यातून ध्यानात येते. दाट टंकलेली, परिच्छेद न पाडलेली, दहा ओळींच्या एका वाक्याची परिपत्रके काढणाऱ्या कार्यालयांनी ही गोष्ट अवश्य लक्षात घ्यावी.

गती कशाने वाढते

डोळ्याच्या कसरतींनी गती वाढत नसेल तर ती कशाने वाढते? शब्दांची ओळख, विषयाची माहिती आणि सातत्याचा सराव, या तीन गोष्टींनी.

ओळखीच्या शब्दावर नजर कमी वेळ थांबते, अनोळखी शब्दावर अधिक. शासकीय मराठीत 'अधिक्रमित', 'विनियोजन', 'अनुज्ञेय', 'यथास्थिति' असे शब्द पुन:पुन्हा येतात. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठीला राज्यकारभाराची भाषा म्हणून कायद्याचे अधिष्ठान मिळाले. त्यानंतर ही परिभाषा रुळत गेली. तिच्यातील शे-दोनशे शब्द एकदा नीट समजून घेतले तर शासकीय कागद वाचण्याचा वेग आपोआप वाढतो. नव्या सदस्याने वहीत अशा शब्दांची यादी ठेवावी. भेटलेला प्रत्येक नवा शब्द, त्याचा सोपा अर्थ आणि तो ज्या वाक्यात आला ते वाक्य तीत लिहून ठेवावे. शीघ्रवाचनाच्या कोणत्याही वर्गापेक्षा ही वही अधिक उपयोगी पडेल.

विषयाच्या माहितीचे महत्त्व १९८८ मधील एका अमेरिकन अभ्यासाने उठावदारपणे दाखविले. बेसबॉल या खेळाविषयीचा उतारा शाळकरी मुलांना वाचावयास दिला होता. वाचनात कच्ची, पण खेळाची जाणकार मुले, वाचनात हुशार, पण खेळाविषयी अजाण असलेल्या मुलांपेक्षा उतारा अधिक चांगला समजू शकली. अनुभवाने हे कोणासही पटेल. जेमतेम शिकलेला शेतकरी बाजारभावाचे पत्रक क्षणात वाचतो, कारण काय शोधावयाचे हे त्याला ठाऊक असते. तेच पत्रक एखाद्या पदवीधराला दोनदा वाचावे लागते.

सरावाचे मर्म असे की, अक्षरे ओळखण्याचे काम सहजगत्या होऊ लागले म्हणजे मनाची शक्ती अर्थासाठी मोकळी होते. लाबर्ज आणि सॅम्युएल्स या अमेरिकन संशोधकांनी १९७४ मध्ये हा विचार मांडला. पुढे १९७९ मध्ये सॅम्युएल्स यांनी त्यावर आधारलेली एक सोपी पद्धत सुचविली. एक लहानसा उतारा ठरावीक सहजता येईपर्यंत पुन:पुन्हा वाचावयाचा आणि मगच पुढचा घ्यावयाचा. पारायणाची परंपरा असलेल्या समाजाला यात नवल वाटू नये. सुमारे नऊ हजार ओव्यांची ज्ञानेश्वरी सात दिवसांत वाचून पूर्ण करणारा वाचक ती पहिल्यांदाच उघडीत नसतो. आणि त्यालाही एखाद्या ओवीचा अर्थ उलगडावयाचा असतो तेव्हा पारायणाची गती सोडून निरूपणाच्या गतीने जावे लागते.

येथे एका साध्या गोष्टीचा उल्लेख करणे आवश्यक आहे. वयाच्या चाळिशीनंतर जवळचे बारीक अक्षर अंधूक दिसू लागते. या चष्म्यालाच लोकभाषेत 'चाळिशी' म्हणतात. वाचनाचा कंटाळा येतो, कागद दुसऱ्याला वाचावयास दिला जातो आणि आपली समजच कमी झाली, असे काहींना वाटू लागते. पुष्कळदा दोष बुद्धीचा नसून केवळ चष्म्याच्या अभावाचा असतो. नेत्रतपासणी आणि बसावयाच्या जागी पुरेसा उजेड, हे वाचनाची गती वाढविण्याचे सर्वांत स्वस्त उपाय होत.

कागद पाहून चाल बदलावी

कुशल वाचक सर्वकाळ वेगाने वाचत नाही. कोठे धावावे आणि कोठे पाऊल जपून टाकावे, हे त्याला कळते. शासन निर्णयाचे उदाहरण घेता येईल. त्याची रचना बहुधा ठरलेली असते. वर विषय, विभाग, क्रमांक व दिनांक, मग संदर्भ, त्यानंतर प्रस्तावना, नंतर प्रत्यक्ष निर्णय, शेवटी स्वाक्षरी आणि प्रती कोणाकोणास पाठविल्या त्यांची यादी. सोबत परिशिष्टे असू शकतात.

पहिल्या फेरीत सारा कागद दोन-तीन मिनिटांत नजरेखालून घालावा. विषय कोणता, तो कोणास लागू आहे, कोणता जुना निर्णय रद्द झाला आणि परिशिष्टात काय आहे, एवढेच शोधावे. प्रस्तावना बहुधा पार्श्वभूमी सांगते; ती वेगाने वाचली तरी चालते. या फेरीच्या शेवटी, पंचायतीस यात काही करावयाचे आहे काय, हा एकच प्रश्न मनाशी विचारावा. उत्तर नकारार्थी असेल तर कागद फाइलला लावावा. येथे वाचलेला वेळ हीच खरी बचत होय.

उत्तर होकारार्थी असेल तर दुसरी फेरी पेन्सिल हाती घेऊन, निर्णयाच्या भागापुरती आणि संथपणे करावी. मुदत, रक्कम, टक्केवारी आणि अधिकाऱ्याचे पदनाम यांखाली रेघ ओढावी. 'परंतु', 'तथापि', 'वगळून', 'अधीन राहून', 'पर्यंत' आणि 'आत' हे शब्द दिसताच थांबावे. 'आणि'च्या जागी 'किंवा' वाचले गेले तर दोन अटींची एकच अट होते. 'करील' आणि 'करू शकेल' यांत तर कर्तव्य आणि स्वेच्छा एवढे अंतर आहे. अशा ठिकाणी मागे वळून पुन्हा वाचणे हा वेळेचा अपव्यय नव्हे.

तिसरी पायरी कागद मिटल्यानंतरची आहे. कोणी, काय, केव्हापर्यंत आणि कोणत्या अटीवर करावयाचे, हे स्वतःच्या शब्दांत चार ओळींत सांगून पाहावे. सांगता आले नाही तर वाचन पूर्ण झालेले नाही, असे समजावे. सभेत एखाद्या सदस्याने अशा चार ओळी बोलून दाखविल्या तर ज्यांना वाचन जड जाते त्यांनाही निर्णयात खऱ्या अर्थाने भाग घेता येईल.

स्वतःची प्रगती मोजावयाची असेल तर फार साधनांची गरज नाही. आठवड्यातून दोन दिवस, साधारण सारख्याच काठिण्याचा मजकूर दहा मिनिटे वाचावा. पाच ओळींतील शब्द मोजून सरासरी काढावी आणि वाचलेल्या ओळींनी गुणून गती ठरवावी. त्याच कागदावर मजकुराचा गोषवारा लिहावा. गती वाढली आणि गोषवारा विरळ झाला तर एक पाऊल मागे यावे. तुलना दुसऱ्याशी किंवा इंग्रजीतील आकड्यांशी न करता गेल्या महिन्यातील स्वतःच्या नोंदीशी करावी.

शाळेतील पाया

हे सारे प्रौढांसाठी झाले. पाया मात्र प्राथमिक शाळेतच घातला जातो. २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द, असे वाचनाचे लक्ष्य ठरविण्यात आले. हे वाचन अर्थासह व्हावे, हा त्या लक्ष्याचाच भाग आहे. धोका असा की, घड्याळाने शब्द मोजता येतात, अर्थ मोजता येत नाही. आणि जे मोजता येते त्याच्याच मागे शाळा लागण्याचा संभव असतो.

गफ आणि टन्मर यांनी १९८६ मध्ये मांडलेला एक सरळ विचार शिक्षकांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. वाचनातून होणारे आकलन हे अक्षरे उलगडण्याची शक्ती आणि भाषा समजण्याची शक्ती यांचा गुणाकार असते. बेरीज नव्हे, गुणाकार. दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्यच येते. घडाघडा वाचणारा मुलगा आणि अक्षरे लावणारी मुलगी यांना म्हणूनच वेगवेगळे साहाय्य हवे. मुलाला प्रश्न, गप्पा आणि गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगण्याची संधी द्यावी. मुलीला जोडाक्षरांचा सराव आणि एकच छोटा उतारा शिक्षकांबरोबर तीन-चार वेळा वाचण्याची सवड द्यावी. ज्यांच्या घरी बोलीभाषा निराळी आहे, अशा मुलांशी प्रमाण मराठीतील शब्दांविषयी आधी भरपूर बोलावे लागेल. 'लवकर वाच' या आज्ञेने यांपैकी कोणाचेही काम होणार नाही.

वाचन आणि सत्ता

१९९३ मध्ये त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अंमलात आली. तिने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपविता येतील असे २९ विषय आहेत. २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतींतील निम्म्या जागा महिलांसाठी राखीव झाल्या. शेती, पाणी, रस्ते, शिक्षण आणि आरोग्य यांविषयीचे कागद आज अशा हातांत येतात, ज्यांचा प्रशासकीय भाषेशी पूर्वी कधी संबंध आला नव्हता. कागद ज्याला समजतो त्याच्या हाती निर्णय राहतो. बाकीच्यांच्या वाट्याला केवळ सही येते. नमुना ८ मधील घराची नोंद असो की पाणीयोजनेचे अंदाजपत्रक, ते स्वतः वाचून एखाद्या सदस्याने 'थांबा, हा परिच्छेद पुन्हा वाचू या' असे म्हणणे, ही लोकशाहीतील मोठीच गोष्ट आहे.

वेगाने वाचणे शिकावे ते याचसाठी. बिनमहत्त्वाच्या कागदावरून झपाट्याने पुढे जाता यावे आणि तेथे वाचलेला वेळ महत्त्वाच्या ओळीवर खर्च करता यावा. सभेत कागद किती लवकर संपला, हे कोणाच्या स्मरणात राहत नाही. चौथ्या परिच्छेदातील मुदत वेळीच दिसली की नाही, याचा परिणाम मात्र सारा गाव वर्षभर अनुभवतो.